फॉर्मवर नाव कुणाचं?

*नमस्कार. नऊ वर्षांपूर्वी आम्ही तिघींनी मुलांसाठी एक वाचन-अभ्यास केंद्र सुरू केलं. आज चार केंद्रं आहेत, अकरा जणांची टीम आहे. बाकीच्या दोघी एकेक करून बाहेर पडल्या, मी उरले. आमच्या खर्चाचा ७० टक्के भाग एकाच फंडरकडून येतो आणि त्यांचा करार पुढच्या वर्षी संपतोय. आता त्यांनीच 'निधी उभारणी आणि नेतृत्व' अशा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात आम्हाला एक जागा देऊ केलीय. दर महिन्याला तीन दिवस. आमचे विश्वस्त म्हणतात, 'नऊ वर्षं संस्था चालवलीस, आता तुला कोण काय शिकवणार? तेवढ्या दिवसांत दोन प्रपोजलं लिहून होतील.' मला मनातून जायचंय, पण मी तीन दिवस नसले की इथे सगळं अडतं. माझ्या सहकारी मैत्रिणीला पाठवावं असंही वाटलं. ती सहा वर्षं आहे, केंद्रं तीच सांभाळते, पण तिला पैशातलं काही कळत नाही. आणि शिकून दुसरीकडे गेली तर? अजून एक, मला पैसे मागायची लाज वाटते. मुलांसाठी मागतेय हे माहीत असूनही घसा कोरडा पडतो. काय करू?*
*— उरलेली तिसरी*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याला ठेच लागली: 'तिला पैशातलं काही कळत नाही.' असेलही. पण सहा वर्षांत तिला संस्थेचं बजेट कुणी उघडून दाखवलंय का? ऑडिटरबरोबरच्या बैठकीला ती कधी बसलीय का? फंडरची माणसं केंद्र बघायला येतात तेव्हा ती मुलांना गोळा करते, खुर्च्या मांडते आणि पैशाचं बोलणं निघालं की उठून वर्गात जाते, असं तर होत नाही ना? मी अंदाजानं बोलतोय, चुकत असेन तर खुशाल रागवा. पण छोट्या संस्थांत बहुतेक ठिकाणी हेच होतं आणि कुणी ते ठरवून करत नाही.

उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटू नये म्हणून माझंच सांगतो. मी ज्या संस्थेत होतो तिथे देणगीदारांची यादी माझ्या डोक्यात असायची. कुणाला फोन चालतो, कुणाला पत्रच आवडतं, कोण वर्षाच्या कुठल्या महिन्यात देतं, सगळं तोंडपाठ. त्याचा मला अभिमानही होता. मग एका आजारपणात दोन महिने अंथरुणावर गेले. त्या काळात एका मोठ्या प्रपोजलची मुदत टळली, कारण पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडे होता आणि मी तापात होतो. वर्षानुवर्षं देणाऱ्या तिघांना पावत्या गेल्या नाहीत. त्यातल्या एकानं पुन्हा कधीच दिलं नाही. संस्थेत कामाची माणसं होती हो. मीच सगळ्या किल्ल्या कमरेला लावून फिरत होतो.

म्हणून माझं उत्तर असं: प्रशिक्षणाला जरूर जा, पण एकटीनं जायचं असेल तर जाऊ नका. दोन जागा मागा. एक तुमची, एक तिची. दुसरी जागा मिळतच नसेल तर तिला पाठवा आणि तुम्ही मागे राहा.

हे उलटं वाटेल. पण तुमच्या संस्थेची अडचण 'मागता येत नाही' ही नाहीच मुळी. नऊ वर्षं चार केंद्रं चालताहेत म्हणजे तुम्हाला घसा कोरडा पडूनही मागता येतं. अडचण ही आहे की मागणारी एकच आहे. आणखी चांगलं मागायला तुम्ही एकट्याच शिकून आलात तर संस्था तुमच्यावर आणखी टेकेल. निधी उभारणी आणि नेतृत्व हे दोन विषय एका प्रशिक्षणात बांधलेले असतात ते बऱ्याचदा माहितीपत्रक भारदस्त दिसावं म्हणून, पण तुमच्या बाबतीत ते खरोखर एकच आहेत. तुम्ही नसताना तुमच्या संस्थेसाठी कुणी पैसे मागू शकतं का? त्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो निधीचाही प्रश्न आहे आणि नेतृत्वाचाही.

महर्षी कर्व्यांचं नाव सगळे घेतात. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पायपीट केली, दारोदार वर्गणी गोळा केली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या संस्थेसाठी निधी गोळा करणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले होत्या, हे किती जणांना आठवतं? कर्व्यांच्या मेहुणी. विधवा झाल्यावर शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या आणि संस्थेसाठी गावोगाव फिरून देणग्या आणू लागल्या. १९१८ साली तर त्या इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. 'तिला पैशातलं काही कळत नाही' असं म्हणून कर्व्यांनी त्यांना आश्रमातच ठेवलं असतं तर? बरं, पार्वतीबाई उभ्या राहून बोलत तेव्हा ऐकणाऱ्याला संस्थेचं काम वेगळं समजावून सांगावं लागत नसणार. समोर उभ्या असलेल्या बाईच्या रूपानं ते दिसत होतं. तुमच्या मैत्रिणीचंही तसंच आहे. ती रोज मुलांमध्ये असते. कोणतं मूल गेल्या महिन्यात पहिलं पुस्तक संपवून दुसरं मागायला आलं, हे तिला माहीत आहे. तुम्हाला ते आता तिच्याकडून मागवून घेऊन प्रपोजलात लिहावं लागतं. खरं की नाही?

आता विश्वस्त. 'तुला कोण काय शिकवणार' हे कौतुक वाटतं, पण त्याचा अर्थ 'तू आहेस ना, मग आम्हाला काही करावं लागणार नाही' असाही होतो. त्यांच्याशी वाद घालू नका. पुढच्या बैठकीत एक कागद ठेवा. एका केंद्राचा वर्षाचा खरा खर्च त्यावर लिहा. खरा म्हणजे पुस्तकं, जागा, शिकवणाऱ्यांचं मानधन एवढंच नव्हे. हिशेब लिहिणाऱ्याचा पगार, ऑडिटची फी, तुमचा वेळ, तुम्ही घेत नसलेलं मानधन, फंडरचे रिपोर्ट लिहिण्यात गेलेले दिवस, मोडलेला लॅपटॉप, हे सगळं चारांत वाटून. शेजारी फंडर त्या केंद्रासाठी किती देतो तो आकडा लिहा. मधली जी फट दिसेल ती आजवर तुम्ही स्वतःच्या अंगातून भरत आलात. विश्वस्तांनी ती फट एकदा डोळ्यांनी बघायला हवी.

हे दुखणं तुमच्या एकटीचं नाही. 'पै न् पै मुलांवरच खर्च होते' असं संस्था अभिमानानं सांगतात, देणगीदार तेच ऐकायला शिकतो, मग पुढच्या वेळी ऑफिस, प्रशिक्षण, हिशेबनीस यांचा खर्च दाखवायची सोय राहत नाही. तो लपवावा लागतो किंवा करायचाच नसतो. २००९ साली एका अमेरिकी नियतकालिकात या प्रकाराला संस्थांच्या उपासमारीचं चक्र म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं. २०१३ साली तिथल्याच तीन मोठ्या संस्थांनी, ज्यांचं कामच धर्मादाय संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणगीदारांपुढे ठेवणं हे आहे, एक खुलं पत्र लिहून सांगितलं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्थेची पारख करू नका. ज्यांनी वर्षानुवर्षं लोकांपुढे तो टक्का मांडला त्यांनीच हे म्हणावं, ही गंमतच. पण तुमच्या विश्वस्तांना हे सांगायला हरकत नाही. प्रशिक्षणाचे अठरा दिवस म्हणजे दोन प्रपोजलं बुडाली असा हिशेब करणाऱ्याला विचारा, गेल्या तीन वर्षांत लिहिलेल्या प्रपोजलांपैकी किती मंजूर झाली?

आणि विश्वस्तांना काम द्या. मोठं नको. प्रत्येकानं आधी स्वतः काही तरी द्यावं, रक्कम कितीही लहान असो. ज्या मंडळातल्या माणसांनी स्वतः दिलेलं नाही त्यांनी दुसऱ्याकडे मागणं समोरच्याला लगेच कळतं. मग प्रत्येकानं तीन माणसांना केंद्रावर घेऊन यावं. मागायला नव्हे, दाखवायला. एवढं जमलं तरी वर्षात बरंच बदलेल. एखादा विश्वस्त एवढंही करणार नसेल तर तो फक्त लेटरहेडपुरता आहे, हे मनात नोंदवून ठेवा. आत्ता त्याच्याशी भांडायची गरज नाही.

लाजेबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण पत्रात तो विषय तुम्ही शेवटी ओझरता लिहिलाय आणि मला वाटतं तो पहिला होता.

मागणं म्हणजे हात पसरणं, हे आपल्या हाडीमासी खिळलंय. स्वतःसाठी मागायचं नाही, ही शिकवण चांगलीच. पण तुम्ही जे मागता त्यात तुमचं काय आहे? देणाऱ्याला एखादी गोष्ट घडायला हवीय, ती त्याला स्वतःला करता येत नाही, तुम्ही ती करताय. त्याला त्यात वाटा हवा असतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं उदाहरण मला फार आवडतं. पुतळा फ्रान्सहून यायचा होता, पण चौथऱ्याला पैसे कमी पडले. श्रीमंतांपैकी कुणी मनावर घेईना. १८८५ साली जोसेफ पुलित्झर या संपादकानं आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं आणि जाहीर केलं की देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापू, रक्कम कितीही क्षुल्लक असली तरी. काही महिन्यांत लाखाहून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली, आणि बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. त्या लोकांकडे पुलित्झरनं उपकार मागितले नव्हते. त्यांना चौथऱ्यात आपली एक वीट हवी होती. (त्यात त्याच्या वर्तमानपत्राचा खपही वाढला, तेही सांगायला हवं. पुलित्झर संत नव्हता.)

तरीही घसा कोरडा पडेलच. माझा अजून पडतो. त्यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे: मागण्याआधी आभार मानायला शिका. तुमच्याकडे गेल्या दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी दिलं, अगदी एकदाच दिलं, त्यांची यादी काढा. रोज दोघांना फोन करा, एक तुम्ही, एक तुमची मैत्रीण. 'तुम्ही दिलेल्या पैशातून काय झालं ते सांगायला फोन केलाय' एवढंच बोलायचं. मागायचं नाही. पुन्हा सांगतो, त्या फोनवर मागायचं नाही, समोरच्यानं विषय काढला तरच पुढे बोलायचं. अमेरिकेत देणगीदार टिकण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं मोजलं जातं आणि पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त लोक दुसऱ्या वर्षी देत नाहीत असं दिसतं. आपण नवीन माणूस शोधायला धावत सुटतो आणि ज्यानं विश्वास टाकला त्याला छापील पावती पाठवून मोकळे होतो. वीसेक फोन झाले की तुमच्या लक्षात येईल, लोकांना तुमचा फोन आवडतो. लाज निम्मी तिथेच जाते. उरलेली निम्मी असू द्या, निर्ढावलेला मागणारा कुणालाच नको असतो.

मागायची वेळ येईल तेव्हा नेमकं मागा. 'जमेल तेवढं द्या' म्हणजे समोरच्याला गृहपाठ देणं. एका केंद्राचा एका महिन्याचा खर्च एवढा, त्यातला अर्धा तुम्ही वर्षभर उचलाल का, असं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत अवघड. आपण लगेच 'नाही जमलं तरी चालेल हं' म्हणतो आणि समोरच्याला पळवाट काढून देतो. मुलांचे केविलवाणे फोटो मात्र दाखवू नका. दयेवर मिळालेले पैसे एकदा मिळतात. त्या मुलानं मोठेपणी तो फोटो पाहिला तर काय वाटेल, हा विचार करून फोटो निवडा.

प्रशिक्षण कसं आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून ते तुम्हीच तपासा. रेग रेवान्स नावाचा एक ब्रिटिश गृहस्थ होता. १९४० च्या दशकात कोळसा खाणींच्या क्षेत्रात काम करताना त्यानं एक पद्धत रुजवली: खाणी चालवणाऱ्यांना तज्ज्ञांची भाषणं ऐकवण्यापेक्षा छोट्या गटात बसवायचं, प्रत्येकानं आपल्या खाणीतला खरा प्रश्न मांडायचा, इतरांनी सल्ला न देता प्रश्न विचारायचे, मग परत जाऊन काही तरी करून बघायचं आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. छोट्या संस्थांसाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. तेव्हा आयोजकांना विचारा की दोन सत्रांच्या मधल्या महिन्यात काय करायचं असतं, आणि ते केल्यावर कुणाला दाखवायचं. तीन दिवस नुसत्या स्लाइड असतील आणि शेवटी प्रमाणपत्र, तर विश्वस्त बरोबर आहेत, प्रपोजलं लिहा. शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः छोट्या संस्थेसाठी पैसे मागितलेत का, हेही विचारा. शंभर जणांच्या निधी विभागाचा अनुभव अकरा जणांच्या टीमला फारसा उपयोगी पडत नाही.

नेतृत्वाच्या भागात मार्शल गँझ यांचं नाव बहुधा निघेल. अमेरिकेतल्या सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत १६ वर्षं काढलेला हा माणूस पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागला. स्वतःची गोष्ट, आपल्या सगळ्यांची गोष्ट आणि आत्ता काय करायला हवं याची गोष्ट अशा तीन पायऱ्यांनी बोलायला तो शिकवतो. अनेक प्रशिक्षणांत याचं तंत्र होऊन बसलंय, सगळे एकाच चालीत बालपणीच्या आठवणी सांगतात. ते सोडून द्या. त्याचा मुद्दा धरा: नेत्याचं काम इतरांना समर्थ करणं. तुमच्या 'मी नसले की सगळं अडतं' या वाक्याशेजारी तो ठेवून बघा.

एक नाजूक गोष्ट. जागा देणारा तुमचा फंडरच आहे. प्रशिक्षणात तुम्ही मोकळेपणानं बोलाल, 'आमच्याकडे तीन महिन्यांचीही गंगाजळी नाही' असं म्हणाल, ते त्यांच्यापर्यंत जाणार का? आधीच विचारा. विचारण्यात अपमान काही नाही, चांगला फंडर उलट खूश होईल. आणि विचारतच आहात तर आणखी दोन गोष्टी विचारा: दुसरी जागा, आणि तुम्ही दोघी नसताना केंद्रं सांभाळायला बदली माणसाचं अठरा दिवसांचं मानधन. प्रशिक्षण फुकट असलं तरी तुमची गैरहजेरी फुकट नसते.

ती शिकून दुसरीकडे गेली तर? जाऊ शकते. न शिकताही जाऊ शकते, तुमच्या दोघी गेल्याच की. त्या का गेल्या हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी विचारत नाही, पण तुम्ही स्वतःला विचारून बघा. माझ्या पाहण्यात दुसऱ्या फळीतली माणसं शिकल्यामुळे क्वचित जातात. पगार वर्षानुवर्षं तोच, निर्णयात वाटा नाही, चूक करायची मुभा नाही, यामुळे जातात. तिच्याशी बोला. 'तुला पुढे ही संस्था चालवायची इच्छा आहे का?' असं सरळ विचारा. ती 'नाही' म्हणाली तरी तुम्हाला काही तरी कळेल. प्रशिक्षणाची वाट न बघता या महिन्यापासून एक करा: खर्चाचा मासिक तक्ता तिनं विश्वस्तांपुढे मांडायचा, तुम्ही शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिल्या वेळी ती अडखळेल. मध्ये बोलू नका.

राहता राहिला तो ७० टक्क्यांचा प्रश्न. इथे मी गोड बोलणार नाही. कुठलंही प्रशिक्षण एका वर्षात एवढी जागा भरून काढणार नाही. व्यक्तिगत देणगीदारांचा पाया बसायला दोन-तीन वर्षं जातात, नव्या फंडरशी पहिल्या भेटीपासून पैसे हातात येईपर्यंत वर्ष सहज निघून जातं. म्हणून करार संपायची वाट न बघता आत्ताच त्यांच्याशी बोला. एकदम थांबण्याऐवजी दोन वर्षांत कमी करत नेता येईल का? पहिल्या वर्षी निम्मं, दुसऱ्या वर्षी पाव, आणि ती रक्कम एखाद्या कामाला बांधलेली नको, संस्थेला लागेल तिथे वापरता यावी. ज्यांनी तुम्हाला निधी उभारणी शिकायला पाठवायचं ठरवलं त्यांना आपण जाणार आहोत याची जाणीव आहे. कदाचित ते तुमच्या विचारण्याचीच वाट बघत असतील. कदाचित नसतीलही. 'नाही' आलं तर चार केंद्रांपैकी कोणती दोन कुठल्याही परिस्थितीत चालवायची, हे विश्वस्त आणि टीमबरोबर बसून याच तिमाहीत ठरवा. पैसे संपल्यावर घेतलेला तो निर्णय फार वाईट पद्धतीनं घेतला जातो. मी घेतलाय.

फॉर्मवर नावासाठी एकच ओळ असेल. त्यावर दोघींची नावं लिहा आणि सोबत चार ओळींचं पत्र जोडा, वर म्हटलेल्या तीन मागण्यांसह: बोललेलं फंडरपर्यंत जाऊ नये, दुसरी जागा, बदली माणसाचं मानधन. पत्र तिला लिहू द्या, सही दोघींची. तुमच्यासाठी मागण्याचा सराव तिथूनच सुरू होतो, आणि तिच्यासाठीही. उत्तर आलं की कळवा, 'नाही' आलं तरी.